नुसतं पाहिल्याचा गुन्हा

भाची आली की आधी स्वयंपाकघरात जायची, डबे उघडून बघायची आणि तोंडात काहीतरी टाकूनच बोलायला सुरुवात करायची. त्या दिवशी ती दारातच उभी राहिली. मामा पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मामा, मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "पण सगळं माझ्याच हातून झालंय."

मामांच्या हातातली कात्री खाली पडली.

ती खुर्चीत बसली. मामांनी घाईघाईने पाणी आणलं आणि भांडं तिला द्यायचं सोडून स्वतःच पिऊन टाकलं. त्यांचं हे असंच व्हायचं. सारा जन्म ग्रंथालयात गेलेला. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगत. पण समोर कुणी रडू लागलं की त्यांना हवा तो शब्द दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचायचा. बहीण गेल्यावर या पोरीला त्यांनी वाढवलं, तेही धास्तावतच. आपण तिला नीट वाढवलं का, ही शंका अजून मिटलेली नव्हती.

"वर जाऊ," ते कसेबसे म्हणाले. "ताईंकडे."

वरच्या मजल्यावर विमाताई राहत. पूर्वी त्या विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायच्या. जळालेल्या गोदामात शिरून, राख चिवडून, आग लागली की लावली ते सांगायच्या. नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही; आता लोक त्यांच्याकडे खासगी तपासासाठी येत. कधीमधी त्या मामांना सोबत नेत.

"तुम्ही बरोबर असलात की लोक मोकळं बोलतात, ग्रंथपाल," त्या म्हणत. "तुमच्याकडे बघून कुणाला भीती वाटत नाही."

ही स्तुती की टोमणा, ते मामांना आजवर कळलं नव्हतं.

भाची एका मोठ्या इस्पितळाच्या देखरेख कक्षात कामाला होती. त्या खोलीत भिंतभर पडदा. इस्पितळातल्या प्रत्येक यंत्राची त्यावर एक ओळ. यंत्र ठीक असेल तर ओळ हिरवी, बिघडलं तर लाल, दुरुस्तीसाठी मुद्दाम बाजूला काढलं असेल तर राखाडी. सगळे त्या पडद्याला नुसतं 'भिंत' म्हणत. यंत्रांना नावं भाचीने दिली होती, पाखरांची. रक्तपेढीचा मोठा पांढरा फ्रिज म्हणजे बगळा. तिथला करकरणारा प्रिंटर म्हणजे टिटवी.

"परवा सकाळी मी ड्यूटीवर बसले आणि मॅडमचा फोन आला," ती सांगू लागली.

"कोण मॅडम?" विमाताईंनी विचारलं.

"रक्तपेढीच्या प्रमुख, डॉक्टर. मला पोटच्या पोरीसारखं वागवतात. रोज जेवलीस का म्हणून विचारतात. पेढीतली यंत्रं भिंतीला पहिल्यांदा त्यांनीच जोडली, आमच्यापैकी कुणी नव्हतं तेव्हा. मी त्यांच्याकडूनच शिकले. हसून म्हणाल्या, चिऊ, तुझी टिटवी झोपली बघ. बघितलं तर खरंच एक ओळ लाल."

"मग?"

"लाल ओळ आली की ती उघडायची आणि 'पाहिलं' म्हणून बटण दाबायचं, हा आमच्याकडचा नियम. मी ओळ उघडली, बटण दाबलं. बस्स. तासाभरात पेढीतून आरडाओरडा. बगळा बंद. आतलं सगळं रक्त वाया. एका बाळंतिणीला ऐनवेळी दुसऱ्या इस्पितळात हलवावं लागलं. वाचली ती, पण कशीबशी."

"फ्रिज कुणी बंद केला?"

"मी," भाची म्हणाली आणि तिचा चेहरा पिळवटला. "नोंदीत तसंच आहे, ताई. माझं नाव, माझा संगणक. ओळ उघडली त्याच क्षणी माझ्या नावाने दोन हुकूम गेलेत. बगळा बंद कर. आणि आदल्या दुपारपासून बगळ्याबद्दल जे काही टिपलंय ते पुसून टाक. कॅमेऱ्यातही खुर्चीत मी एकटीच आहे. पण मी ते हुकूम दिलेच नाहीत!"

विमाताई खिडकीकडे बघत होत्या. "ती ओळ टिटवीचीच होती कशावरून?"

"मॅडम म्हणाल्या म्हणून. ओळीवर नाव नव्हतंच. नावाची जागा कोरी होती. म्हटलं, बंद पडलाय, तर दिसत नसेल."

"आणि बगळा? तू सकाळी बसलीस तेव्हा कुठल्या रंगाचा होता?"

भाचीने आठवून बघितलं. "राखाडी. पेढीवाले आवराआवर करताना तसा करून ठेवतात. नाहीतर दार जरा उघडं राहिलं की फ्रिजची शिट्टी वाजते, डोकं उठतं. राखाडी असलं की शिट्टी नाही आणि भिंतीवर लालही नाही. त्यामुळे मी लक्ष दिलं नाही."

"तुझे साहेब काय म्हणतात?"

"उद्या संध्याकाळपर्यंत लिहून द्या की मुद्दाम केलं. नोकरी जाईल, पण बाहेर बोभाटा नाही. नाही दिलंत तर पोलीस."

"उद्या संध्याकाळ अजून लांब आहे," विमाताई उठल्या. "तू इथेच झोप काढ. चला, ग्रंथपाल. आणि चपला बघा. एक तुमची आहे, एक माझी."

*

देखरेख कक्षाचे साहेब गुळगुळीत दाढीचे गृहस्थ होते. टेबलावर काचेखाली प्रशस्तिपत्रकं होती आणि ती येणाऱ्याला वाचता यावीत अशी उलटी ठेवलेली होती.

"नोंद खोटं बोलत नाही, बाई," ते म्हणाले. "माणसं बोलतात."

"नोंद ठेवतं कोण?"

"सॉफ्टवेअर. ठिकठिकाणी वापरतात. नावाजलेलं आहे."

"त्यात कधी खोट निघाली होती?"

साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं. "कंपनीकडून सूचना येतच असतात. हे बदला, ते बदला. आपण सवडीने बघतो. इस्पितळ चालवायचं की त्यांच्या सूचना वाचत बसायचं?" मग मामांकडे वळून ते मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही वडीलधारे आहात. पोरीला समजवा. सही केली की विषय संपला."

मामांना बरंच काही म्हणायचं होतं. ते फक्त म्हणाले, "पंखा जरा मोठा करू का? तुम्हाला घाम आलाय."

बाहेर आल्यावर विमाताई पहिल्यांदा हसल्या. "कधी कधी तुम्ही असं काही बोलता, ग्रंथपाल, की मला तुमची भीती वाटते."

"मी काय बोललो?"

"तेच तर."

देखरेख कक्षात भाचीचा सहकारी बसला होता. साध्या प्रश्नाचंही उत्तर तो व्याख्यानाएवढं द्यायचा, म्हणून सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. परवाच्या आदल्या रात्री ड्यूटी त्याची होती.

"रात्रभर इथेच होतो. वर कॅमेरा आहे, बघा हवं तर. सकाळी चिऊ आली आणि मगच उठलो."

"रात्रीत काही लाल झालं?"

"एकही नाही. हिरव्या कुरणाकडे बघत बसलेल्या म्हशीसारखा होतो मी."

"आणि राखाडी?"

"राखाडीकडे कोण बघतंय? राखाडी म्हणजे घरातल्यांना माहीत असलेलं दुखणं."

मामा सवयीने भिंत वाचत होते. बुलबुल, साळुंकी, खंड्या, सुगरण... मध्येच आकड्यांची एक लांबलचक ओळ. चुकीच्या फळीवर लागलेलं पुस्तक बघावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"हे कुठलं पाखरू?"

"टिटवीच ती. प्रिंटरवाला परवा दुरुस्तीला येऊन गेला. काम झालं की तो यंत्र कारखान्यातून आल्यासारखं कोरं करून जातो. नावगाव सगळं जातं. दर वेळी आम्ही पुन्हा लिहितो, दर वेळी तो पुसतो."

"प्रिंटरचं नाव कोण बदलू शकतं?" विमाताईंनी विचारलं.

"कुणीही. इथून, साहेबांच्या खोलीतून, पेढीतल्या संगणकावरून. त्याला कुलूपच नाही. प्रिंटरचं नाव बदलून कुणाला काय..." प्रोफेसर बोलता बोलता थांबला. मग खुर्ची फिरवून भिंतीकडे बघू लागला. 

विमाताई भिंतीपाशी गेल्या. "ही तुमची भिंत स्वभावाने कशी आहे?"

"भोळी," प्रोफेसर हळू आवाजात म्हणाला. "कुणी काही सांगितलं की खरं मानते. गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये मी दाखवलं होतं. साहेबांनी आपल्या पडद्यावर एक ओळ उघडली, आणि त्यांचा हात न लागता पडद्यावर 'नमस्कार साहेब' उमटलं. मॅडम म्हणाल्या, हे गंभीर आहे, ताबडतोब दुरुस्त करून घ्या. कंपनीची दुरुस्ती येऊन पडलेलीच होती. साहेब म्हणाले, सुट्टीच्या दिवशी बघू. तो सुट्टीचा दिवस अजून उगवायचाय."

"मीटिंगला कोण कोण होतं?"

"आम्ही तिघंच. चिऊ रजेवर होती. या मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ना तेव्हा."

मामांनी उगाच चष्मा पुसला.

*

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना इस्पितळात मिरचीबाई म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं.

"ती पोरगी ना?" त्या म्हणाल्या. "मला काही नवल नाही वाटलं. एकदा मोबाइल चार्ज करायला मी बगळ्याशेजारचा प्लग वापरला तर अंगावर आली माझ्या! स्वतःचा मुलगा असल्यासारखं करते त्या फ्रिजचं."

"मग मुलाला मारेल कशाला?" विमाताई म्हणाल्या.

मिरचीबाईंनी हातातले मोजे काढून टेबलावर टाकले.

"रक्त आधी तुम्ही पाहिलंत?"

"मीच. आदल्या दिवशी माझी सुट्टी होती. परवा सकाळी आले, कपडे बदलले, नमुने लावले, मग पिशव्या काढायला दार उघडलं. हात घातला तर काय! बादलीत उरलेलं आंघोळीचं पाणी असतं ना, तशा कोमट."

"पुढच्या पिशव्या?"

"पुढच्या, मागच्या, तळाच्या, सगळ्या. हात घालून घालून बघितल्या मी, एक तरी वाचली असेल म्हणून."

"दार?"

"पक्कं लागलेलं."

"प्रिंटरवाला भेटला का?"

"मी आत येत होते आणि तो बाहेर पडत होता. कशाला बोलावतात म्हणून पुटपुटत होता. त्याला काय, जाण्यायेण्याचं भाडं मिळतं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हे सगळं आत्ताच व्हायचं होतं. पुढच्या महिन्यात आमच्या मॅडम सबंध इस्पितळाच्या प्रमुख होणार. कसा देवमाणूस आहे, आणि आता हे बालंट."

तेवढ्यात मॅडमच आल्या. पांढरे केस, साधी वेणी, बोलण्यात एक थकलेला गोडवा. त्यांनी मामांना लगेच ओळखलं.

"तुम्ही मामा ना? तुमच्याबद्दल इतकं सांगते ती! काळजी करू नका. मी साहेबांना म्हटलंय, पोरीचं वाटोळं करू नका. यंत्राची चूक म्हणा आणि मिटवा."

मामांचे डोळे भरून आले. या जगात चांगली माणसं आहेत, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं.

"आदल्या रात्री रक्ताची मागणी आली नव्हती?" विमाताईंनी विचारलं.

"नाही. संध्याकाळी मी एकटीच होते, कुलूप लावून गेले. सकाळी पुन्हा मीच उघडलं."

"सकाळी बगळ्यात डोकावलात?"

"छे, वेळच नाही मिळाला. डोकावले असते तर..." मॅडमनी सुस्कारा सोडला.

निघताना विमाताईंनी मिरचीबाईंना बाजूला घेतलं. "बगळा पुन्हा चालू केलाय ना? त्यात पाण्याने भरलेल्या पिशव्या ठेवा. रक्ताच्या होत्या तितक्याच, तशाच रचून. रात्रभर गार होऊ द्या."

"कशाला?"

"उद्या त्याच्यासमोर एक तास बसायचंय. हे ग्रंथपाल आहेत ना, त्यांना बसायची सवय आहे."

घरी आल्यावर विमाताईंनी प्रिंटरवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अहो, बिघाड कसला?" तो तिकडून ओरडला. "प्लग निघालेला! नुसता खोचला. मग आमच्या पद्धतीने सगळं कोरं केलं आणि आलो."

"तक्रार कधी आली होती?"

"भल्या सकाळी. दाढी करत होतो मी. पेढीच्या नंबरावरून फोन, प्रिंटर बंद आहे, लगेच या. दोन बस बदलून गेलो."

"म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत तो बराच वेळ बंद होता."

"तेच तर गौडबंगाल! झाकण उघडून हात लावला तर आतला रूळ चांगला तापलेला. पोळलं बोट माझं. नुकताच कुणीतरी वापरला असावा."

विमाताईंनी फोन ठेवला.  मामांनी अंदाज करून बघितला.

"साहेबच असणार," ते म्हणाले. "नाहीतर तो प्रोफेसर. हे असलं काही दुसऱ्या कुणाला जमणार?"

"ग्रंथपाल," विमाताई म्हणाल्या, "उद्या भाचीला सोबत आणा. आणि तिच्या शेजारी बसा. शेजारीच."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्तपेढीत सगळे जमले. साहेब, प्रोफेसर, मिरचीबाई, मॅडम, भाची आणि तिच्या शेजारी मामा. विमाताईंनी बगळ्याचं दार सगळ्यांसमोर उघडून पाण्याच्या पिशव्या दाखवल्या, दार लावलं आणि फ्रिज बंद केला.

"आता एक तास."

"हा काय पोरखेळ आहे?" साहेब म्हणाले.

"पोरीच्या जिवाशी चाललाय तो आधी संपवू, मग हा."

तास सरला.  मग विमाताईंनी दार उघडलं आणि मिरचीबाईंना खूण केली. मिरचीबाईंनी हात घातला. पुढे, मागे, तळाशी. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"गार आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या. बर्फासारख्या गार!"

"असायलाच हव्यात. चांगला फ्रिज दार बंद असेल तर वीज गेल्यावरही तासन्‌तास थंडी धरून ठेवतो. त्या सकाळीही तो बंद झाल्यावर तासाभरातच तुम्ही दार उघडलंत. मग तळाच्या पिशव्या कोमट कशा?"

मिरचीबाईंनी हात बाहेर काढून पुसला.

"कारण फ्रिज बंद झाला तेव्हा रक्त आधीच गेलेलं होतं," विमाताई म्हणाल्या. "रात्रीच. आपण सगळे विचारत होतो की फ्रिज कुणी बंद केला. मी राखेत एकच गोष्ट शिकले. आधी काय जळलं ते बघायचं. फ्रिज बंद केला तो रक्त नासवायला नाही. नासलेल्या रक्ताला कारण हवं होतं. आणि रात्रभराची नोंद पुसली, कारण त्यात खरं कारण होतं."

"पण हुकूम तर हिच्या नावाने गेले!" साहेब म्हणाले.

"ते कसे गेले हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. प्रोफेसर, सांगा. व्याख्यान नको."

प्रोफेसर उभा राहिला. "भिंत प्रत्येक यंत्राला विचारते, तू कोण? यंत्र नाव सांगतं. भिंत ते नाव तपासत नाही. नावाच्या जागी कुणी हुकूम लिहून ठेवला, तर ओळीवर नाव दिसतच नाही, जागा कोरी राहते. आणि ती ओळ जो उघडेल, त्याच्या अधिकाराने, त्याच्या नावाने भिंत तो हुकूम पाळते. उघडणाऱ्याला कळतही नाही."

"म्हणजे..." मामा अडखळले. "म्हणजे हिने नुसतं पाहिलं?"

"नुसतं पाहिलं, ग्रंथपाल. लाल दिसलं की पाहायचं, हा यांचा नियम. नियम पाळला हाच हिचा गुन्हा."

भाचीने मामांचा हात इतका घट्ट धरला की त्यांची बोटं दुखली.

"आता टिटवीचं नाव कुणी बदललं? बदलणं कुणालाही शक्य होतं. पण प्लग काढून तिला लाल करायला पेढीतच असावं लागतं. तो रूळ तापलेला होता, म्हणजे टिटवी नुकतीच बंद झाली होती. तक्रार मात्र भल्या सकाळची. बंद पडायच्या आधी तक्रार करणाऱ्याला ती बंद पडणार हे माहीत होतं. आणि प्रिंटरवाला आला की नाव पुसतोच, हेही. पुरावा त्याच्याकडूनच पुसून घेतला. फोन पेढीतून गेला. तेव्हा प्रोफेसर कॅमेऱ्याखाली बसलेले होते. साहेब तेव्हा इस्पितळात आलेच नव्हते, हजेरीच्या नोंदीत तसं आहे. मिरचीबाई अजून आल्याच नव्हत्या. त्या आल्या तेव्हा प्रिंटरवाला निघाला होता. शिवाय भिंतीचा भोळेपणा त्यांनी पाहिलेला नाही. तो पाहणारी तीनच माणसं."

मामांनी बोटांवर मोजल्यासारखं करून बघितलं. मग त्यांची मान आपोआप वळली. सगळ्यांचीच वळली.

मॅडम शांत बसल्या होत्या. हात मांडीवर, एकावर एक.

"नाही," भाची म्हणाली. "ताई, नाही. तुमचं काहीतरी चुकतंय."

"बगळा तू बसायच्या आधीच राखाडी होता, चिऊ. तुझ्या नावाने गेलेल्या हुकुमांत राखाडी करायचा हुकूम नाही. रात्रभर भिंतीवर लाल दिसलं नाही, म्हणजे तो आदल्या संध्याकाळीच राखाडी झाला. तेव्हा पेढीत एकट्या मॅडम होत्या."

"मी पिशव्या नव्याने लावत होते," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीसारखा होता. "शिट्टी नको म्हणून राखाडी केला. एक ट्रे जरा बाहेर राहिला असावा. दार टेकलं, लागलं नाही. मी दिवे मालवले आणि घरी गेले. सकाळी आले तर दार बोटभर उघडं. तेव्हा कुठे ते लावलं."

मिरचीबाईंनी बगळ्यातला पुढचा ट्रे आत रेटून बघितला.

"इतकी वर्षं," मॅडम म्हणाल्या, "एक पिशवी वाया गेली तर मी लोकांना रडवलंय. आणि स्वतः दार लावायला विसरले. कुणाला काय तोंड दाखवणार होते? वाटलं, यंत्राचा दोष निघेल. या सॉफ्टवेअरमध्ये खोट आहेच. चौकशीत ती बाहेर येईल, सगळे कंपनीला शिव्या देतील, पोर सुटेल. साहेब ती गोष्ट दाबून टाकतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

साहेब फोटोतल्यासारखे ताठ बसले होते, पण चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. खोट बाहेर आली असती तर दुरुस्ती महिनाभर कुणी अडवली तेही बाहेर आलं असतं.

"मग ते दाबताहेत हे दिसल्यावर बोलायचंत," विमाताई म्हणाल्या. "दोन दिवस होते तुमच्याकडे."



भाची उठली. ती मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली, एखाद्या वर्गात शंका विचारायला उभी राहावी तशी.

"मॅडम, फोन मलाच का केलात? ती ओळ तर कुणीही उघडली असती. कधी ना कधी."

मॅडमनी पहिल्यांदा नजर खाली घातली.

"बाकीचे तासभर बघत नाहीत, बाळ. मला तेवढा वेळ नव्हता. तू लगेच बघतेस."

भाचीने मान हलवली. शंका फिटल्यासारखी. मग ती वळली आणि प्रोफेसरला म्हणाली, "दुरुस्ती कुठे पडलीय?"

साहेब घाईने उठले. "हे बघ, झालं गेलं. तू उद्यापासून कामावर..."

"उद्या नाही. आत्ता," भाची म्हणाली. "ही भिंत आणखी किती इस्पितळांत आहे, माहितीये तुम्हाला? तिथेही माझ्यासारखं कुणीतरी बसलं असेल." आणि ती निघाली. तिच्यामागे प्रोफेसर, आणि त्याच्यामागे, कुणी न बोलावता, मिरचीबाई. विमाताईंनी साहेबांना दंडाला धरल्यासारखं नजरेने धरलं आणि पोलिसांना फोन करायला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या.

खोलीत मॅडम आणि मामा राहिले. बगळ्याचं दार उघडंच होतं आणि पाण्याच्या पिशव्यांवर दव धरू लागलं होतं. मामा उठून दार लावावं की नाही या विचारात पडले. या बाईंना काहीतरी बोलायला हवं, काहीतरी कडक, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मनाशी एक वाक्य जुळवायला घेतलं.

"मामा," मॅडम म्हणाल्या. "ती जेवलीय का सकाळपासून?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत कुठलंही सोंग नव्हतं. मनात जुळवलेलं वाक्य मध्येच तुटलं. कालपासून एकामागून एक धक्के बसले होते, पण असं गार त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही खाल्लं तिने."